पोट सोडलं तर बारीकच आहे, शुगर बॉर्डरला आणि सीआरपी वाढलेला. यांचा आपसात काय संबंध?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. वय ४३, दिवसभर खुर्चीवरचं काम, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८, म्हणजे रस्त्यात कोणी पाहिलं तर जाडा म्हणणार नाही, हातपाय तर काड्याच आहेत, पण पोट आहे, कंबर ९४ सेंटीमीटर भरली. ऑफिसने सगळ्यांचं हेल्थ चेकअप करवून घेतलं त्यात उपाशीपोटी शुगर १०८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.०, फास्टिंग इन्सुलिन १५, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आणि एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातल्या सुजेची टेस्ट, ४.१ आलं. ताप नाही, सर्दी नाही, सांधे दुखत नाहीत, मग हे सीआरपी कशाचं?

डॉक्टरांकडे गेलो तर बाहेर ही गर्दी. त्यांनी रिपोर्ट पाहून एवढंच सांगितलं की शरीरात लो-ग्रेड इन्फ्लमेशन, म्हणजे आतल्या आत मंद सूज, आहे, त्याने इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला दाद देत नाही ते) वाढतो, पोट कमी करा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. मी हो हो करत बाहेर आलो आणि घरी आल्यावर डोकं चालू झालं.

इम्युनिटी तर जंतूंशी लढायला असते ना, तिला माझ्या शुगरमध्ये काय इंटरेस्ट? पण एक गोष्ट आठवली, मोठ्या भावाला डायबिटीस आहे, त्याच्या पायाच्या जखमेत मागच्या पावसाळ्यात इन्फेक्शन झालं होतं आणि जेवण अर्ध्यावर आलेलं असताना शुगर तीनशेच्या वर पळाली होती. म्हणजे काहीतरी संबंध आहे. आणि दुसरीकडे सासूबाईंना आमवात आहे, त्यांना इन्फ्लमेशन कमी करायला स्टेरॉइड दिलं तर त्यांची शुगर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. काहून? इन्फ्लमेशनने शुगर वाढते म्हणता तर इन्फ्लमेशन दाबल्यावर कमी व्हायला पाहिजे की नाही? माझं तर डोकंच चालून नाही राहिलं.

आणि शेवटचं, ऑफिसातले एक जण म्हणाले रोज इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिनची गोळी) घे, ते इन्फ्लमेशनवर चालतं. घेऊ का?

---

फिजिओ_मास्तर

इकोस्प्रिन मनाने सुरू करू नका, त्याच्यावर नंतर येतो. आधी भाऊंचं घेऊ कारण तिथे सगळं उघड दिसतं.

जखमेत जंतू शिरले की तिथल्या पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही त्यातली मुख्य नावं, एकत्र सायटोकाइन म्हणतात. लिव्हर ते ऐकून सीआरपी बनवायला लागतं, तोच तुमच्या रिपोर्टमधला सीआरपी. आता लढणाऱ्या पेशींना इंधन लागतं आणि त्यांचं मुख्य इंधन ग्लुकोज. गंमत अशी की या पेशींना आणि मेंदूला ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिनची गरज पडत नाही, स्नायू आणि चरबीला पडते. म्हणजे शरीराने जर काही दिवस स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू येऊ दिलं नाही तर साखर रक्तात शिल्लक राहते आणि लढणाऱ्यांना भरपूर मिळते. शिवाय आजारपणात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, ग्लुकॅगॉन वाढतात आणि लिव्हरला अजून साखर सोडायला लावतात. तुमच्या भावाने अर्धं जेवण केलं तरी तीनशे का, तर साखर ताटातून येत नव्हती, लिव्हरमधून येत होती. निरोगी माणसात इन्सुलिन वाढवून हे सांभाळलं जातं, डायबिटीसवाल्याचं स्वादुपिंड तेवढं पुरवू शकत नाही. म्हणूनच इन्फेक्शनच्या काळात अशा पेशंटचा इन्सुलिनचा डोस वाढवावा लागतो आणि 'जेवतच नाही तर औषध कशाला' म्हणून आपल्याच मनाने बंद करणं धोक्याचं असतं.

आता 'ऐकू येऊ दिलं नाही' म्हणजे नक्की काय होतं ते. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग आत आयआरएस-१ नावाचं प्रोटीन असतं त्याच्यावर टायरोसिन या जागी फॉस्फेट लागतो, तिथून निरोप पुढे पीआय-३ कायनेज, मग एकेटी, आणि शेवटी ग्लूट-४ नावाची साखरेची दारं पेशीच्या आतून वर येतात. टीएनएफ आला की पेशीत जेएनके आणि आयकेके नावाची दुसरी एन्झाइम जागी होतात आणि ती त्याच आयआरएस-१ वर फॉस्फेट लावतात, पण भलत्या जागी, सेरिनवर. तसं झालं की निरोप तिथेच अडकतो. बेल दाबणारा बाहेर दाबतोय, बटणही ठीक आहे, पण भिंतीतली वायर तुटलीये, असं समजा. स्वादुपिंड काय करतं, जोरजोरात दाबतं, म्हणजे इन्सुलिन वाढवतं. तुमचं फास्टिंग इन्सुलिन १५ आहे ते हेच. साखर अजून १०८ वर आहे कारण स्वादुपिंड जास्तीचं काम करून ओढून नेतंय.

आता तुमचा खरा प्रश्न, इन्फेक्शन नाही मग निरोप कोण सोडतंय. उत्तर पोटात आहे. त्वचेखालची चरबी वेगळी आणि आतड्यांभोवतीची वेगळी. आपण चरबी म्हणजे नुसतं गोदाम समजत होतो. १९९३ मध्ये अमेरिकेत हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांच्या टीमने दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबीच टीएनएफ बनवते आणि तो टीएनएफ निकामी केला तर त्यांच्यावर इन्सुलिन परत चांगलं चालतं. मग २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की जाड शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन बसलेल्या असतात. सडपातळ शरीराच्या चरबीतल्या एकूण पेशींत त्या १० टक्क्यांच्या आत असतात, लठ्ठ माणसांत ४० टक्क्यांच्या आसपास जातात. विचार करा, चरबीतल्या शंभर पेशींपैकी चाळीस चरबीच्या नाहीतच.

त्या येतात कशाला? चरबीची पेशी फुगत गेली की तिला रक्त पुरत नाही, ताण येतो, काही मरतात, आणि त्या पेशी स्वतःच एमसीपी-१ सारखे निरोप सोडून मॅक्रोफेज बोलावतात. मायक्रोस्कोपमध्ये मेलेल्या चरबीच्या पेशीभोवती मॅक्रोफेजचं कडं दिसतं. ते साफसफाईला येतात, पण तुम्ही रोज नवीन चरबी भरत राहिला तर सफाई संपतच नाही आणि टीएनएफ, इंटरल्युकिन थोडं थोडं चालूच राहतं. इन्फेक्शनमध्ये सीआरपी ५०, १०० जातो आणि आठवड्यात खाली येतो, इथे ४ वर वर्षानुवर्षं.

त्यात दुसरं दुखणं. चरबीच्या पेशीने इन्सुलिनचं ऐकणं बंद केलं की ती आपली चरबी फॅटी अ‍ॅसिडच्या रूपात सोडत राहते, पोटातल्या चरबीचं रक्त पोर्टल व्हेनने आधी लिव्हरला जातं, तिथे चरबी साचते, ट्रायग्लिसराइड वाढतात (तुमचे २१० बघा) आणि लिव्हर रात्रभर साखर बनवत राहतं. उपाशीपोटी शुगर म्हणून वाढते. लोक म्हणतात रात्री नुसतं वरण-भात खाल्लं तरी सकाळी ११० कशी, तर अशी.

स्टेरॉइडचं उद्या लिहितो, आता क्लास आहे.

---

नागनदी_काठ

अरे बाप्पा, एवढा अभ्यास करून डोक्शाचं दही काहून करून राहिले भाऊ? आमच्या आजीनं नव्वदी पार केली, ना सीआरपी माहीत ना इन्सुलिन. सकाळी कोमट पाण्यात हळद अन् काळी मिरी, बस. हळद सगळी सूज काढते. ह्या टेस्टा नवीन निघाल्या अन् माणसं बिमार पडली.

---

लॅबवाली_ताई

@नागनदी_काठ दादा, आजींना नमस्कार, पण आजी दिवसाला किती चालत होत्या, विहिरीचं पाणी किती ओढत होत्या तेही लिहा ना हळदीसोबत. हळदीतलं करक्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी जातं, काळ्या मिरीने थोडं वाढतं हे खरं आहे, पण भाजीतल्या हळदीने इन्सुलिन रेझिस्टन्स गेला असता तर आपल्याकडे डायबिटीस उरलाच नसता, हळद कोणाच्या घरी नाही? आणि करक्युमिनच्या जास्त डोसच्या गोळ्यांनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, त्यामुळे 'नॅचरल आहे' म्हणून मूठभर खाऊ नका. वरणात घाला, मजेत खा.

प्रश्न विचारणाऱ्या दादांसाठी, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते त्यामुळे रिपोर्टपुरतं बोलते.

एचएस-सीआरपी एकदा ४.१ आला म्हणजे शिक्का बसला असं नाही. १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त असं वाचतात, पण ते हार्टच्या धोक्यासाठी आहे, डायबिटीस ठरवायला ही टेस्ट नाही. १० च्या वर आला तर आधी इन्फेक्शन शोधायचं. दाताला गळू, सर्दी, नुकतं घेतलेलं इंजेक्शन, पडून झालेली जखम, कशानेही वाढतो. म्हणून धडधाकट असताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून बघायचा असतो. आमच्याकडे लोक तापात येतात आणि पॅकेजमध्ये आहे म्हणून एचएस-सीआरपी देऊन जातात, मग २२ आला की रात्री फोन करतात की हार्ट अटॅक येणार का.

इन्सुलिनचं गणित तुम्ही घरीच करू शकता. फास्टिंग शुगर गुणिले फास्टिंग इन्सुलिन भागिले ४०५. तुमचं १०८ गुणिले १५ म्हणजे १६२०, भागिले ४०५, बरोब्बर ४. याला होमा-आयआर म्हणतात. साधारण अडीचच्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात, लॅबनुसार थोडं मागेपुढे होतं, इन्सुलिनची टेस्ट प्रत्येक मशीनवर वेगळी येते म्हणून परत केली तर त्याच लॅबला करा.

अजून एक, हे आपल्या विदर्भासाठी महत्त्वाचं आहे आणि कोणी विचारतच नाही. तुमच्या घरात कोणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे का, किंवा तुम्ही कॅरिअर, म्हणजे आजार नसून फक्त वाहक, आहात का? एचबीएवनसी लाल पेशींवर अवलंबून असतं, त्या साधारण १२० दिवस जगतात असं धरून त्याचा हिशोब आहे. सिकलसेलच्या आजारात त्या लवकर तुटतात म्हणून एचबीएवनसी खोटं कमी येतं, आणि नुसता कॅरिअर असला तरी काही मशीनवर आकडा हलतो. उलट आयर्न कमी असलेल्या बायकांमध्ये तो खोटा जास्त येऊ शकतो. असं काही असेल तर उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी शुगर करा, तीच खरी.

---

मानेवाडा_रिंगरोड

ताई सिकलसेल नाही, लग्नाच्या वेळी दोघांनीही टेस्ट केली होती. होमाचं गणित करून बघितलं, बायकोनेही आपला जुना रिपोर्ट काढला, तिचं १.३, आता घरात मला ऐकवून राहिली आहे.

मास्तर, स्टेरॉइड आणि इकोस्प्रिनचं राहिलं बरं का.

---

शंकासूर

मास्तरांना एक विचारू? तुम्ही म्हणता पोट, मग मॅक्रोफेज, मग टीएनएफ, मग रेझिस्टन्स. हे इतकं सरळ असेल तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं तर बाजारात आहेत, आमवाताच्या पेशंटना देतात, ती डायबिटीसवाल्यांना देऊन विषय का नाही संपवला? माझ्या मते जे उंदरात चालतं ते माणसावर चालत नाही आणि 'इन्फ्लमेशन' हा आजकाल सगळ्याला लावायचा शब्द झालाय. केस गळले इन्फ्लमेशन, झोप नाही आली इन्फ्लमेशन.

---

फिजिओ_मास्तर

शंकासूर, तुमची शंका रास्त आहे आणि अर्धी बरोबर आहे.

टीएनएफ अडवून पाहिलं आहे. १९९६ मध्ये टाइप २ डायबिटीसच्या पेशंटना टीएनएफविरुद्धची अँटिबॉडी देऊन बघितली, इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये फरक नाही. पण ज्यांना आमवात आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्फ्लमेशन खरोखर भडकलेलं आहे, त्यांच्यात तीच औषधं दिल्यावर इन्सुलिन चांगलं चालायला लागलेलं दिसतं. म्हणजे निरोप जोरात चालू असेल तर तो थांबवून फायदा, मंद चालू असेल तर एकटा टीएनएफ थांबवून भागत नाही, बाकीचे पाच-सहा चालूच असतात.

इंटरल्युकिन-१ चं पण तसंच. २००७ मध्ये ते अडवणाऱ्या अनाकिनराने एचबीएवनसी अर्ध्या टक्क्याच्या जवळपास उतरला, पण त्यात इन्सुलिन रेझिस्टन्स बदललाच नाही, स्वादुपिंडाने इन्सुलिन चांगलं सोडायला सुरुवात केली म्हणून उतरला. मला हे फार इंटरेस्टिंग वाटतं, कारण तोच निरोप स्नायूत एक काम करतो आणि स्वादुपिंडात दुसरं. पुढे २०१७ ची कॅन्टॉस ट्रायल, दहा हजारांवर हार्ट पेशंट, इंटरल्युकिन-१ च अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने सीआरपी उतरला, हार्ट अटॅक कमी झाले, पण नवीन डायबिटीस होणं थांबलं नाही. म्हणून नुसता सीआरपी खाली आणला की शुगरचं काम झालं असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

आधी कोण, मागून कोण हे भांडणही मिटलेलं नाही. उंदरांना काही दिवस तुपकट खायला घातलं तर मॅक्रोफेज निकामी केलेल्या उंदरांतही रेझिस्टन्स येतो, पण तेच बरेच आठवडे चाललं तर पुढचा रेझिस्टन्स टिकायला इन्फ्लमेशन लागतं, असं २०११ मध्ये दाखवलं. सुरुवात बहुतेक जागा चुकलेल्या चरबीची, लिव्हर आणि स्नायूंच्या पेशीत साचलेल्या चरबीच्या तुकड्यांनीही इन्सुलिनचा निरोप अडकतो, आणि इन्फ्लमेशन मग ते घट्ट धरून ठेवतं. तरी ते पूर्ण मारून टाकणंही बरं नाही. २०१४ मध्ये चरबीच्या पेशीतलं इन्फ्लमेशन दाबलेले उंदीर बनवले तर त्यांची चरबी नीट वाढूच शकली नाही, ती लिव्हरमध्ये गेली आणि शुगर उलट बिघडली. चरबीला नवीन जागा करायला थोडी तोडफोड लागते.

आता इकोस्प्रिन. तुमच्या ऑफिसवाल्याला हे कुठून कळलं माहीत नाही पण त्यामागे खरा इतिहास आहे, फार जुना. १८७६ मध्ये जर्मनीत एब्स्टाइनने सोडियम सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं औषध) देऊन डायबिटीसवाल्यांच्या लघवीतली साखर कमी झालेली पाहिली, १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसनने परत तेच लिहिलं. मग सगळे विसरले. २००१ मध्ये शूलसनच्या गटाने कारण दाखवलं, जास्त डोसमध्ये सॅलिसिलेट तेच आयकेके एन्झाइम अडवतं. २००२ मध्ये माणसांवर केलं, दोन आठवड्यांत उपाशीपोटीची शुगर जवळपास २५ टक्के उतरली. पण डोस बघा, रोज सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिन. ७५ मिलिग्रॅमची इकोस्प्रिन घ्याल तर ९३ गोळ्या! पोटात रक्तस्राव होईल, कानात शिट्ट्या वाजतील. ७५ ची गोळी रक्ताच्या गुठळीसाठी आहे, आयकेके तिला ओळखतही नाही. नंतर सॅल्सलेट नावाचं कमी त्रासाचं भावंड वापरून मोठी ट्रायल केली, २०१३ ला रिझल्ट आला, ४८ आठवड्यांनी एचबीएवनसी सुमारे ०.३७ टक्क्यांनी कमी. म्हणजे इन्फ्लमेशनचा हात आहे हे माणसातही दिसलं, पण फायदा छोटा, एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं वाढलं, लघवीत प्रोटीन थोडं वाढलं, म्हणून ते डायबिटीसचं औषध झालं नाही. आणि नागपुरात पावसाळ्यात डेंग्यू असतो हे विसरू नका, डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

सासूबाईंचं. स्टेरॉइड इन्फ्लमेशन दाबतं हे खरंच, पण ते मुळात आपलंच कॉर्टिसॉल आहे, मोठ्या डोसमध्ये. वर लिहिलं ना, आजारपणात कॉर्टिसॉल वाढून लिव्हरला साखर सोडायला लावतं, ते काम ही गोळी थेट करते. शिवाय स्नायूत साखर जाणं कमी करते आणि स्वादुपिंडालाही थोडं गप्प बसवते. त्यामुळे एका हाताने निरोप बंद केला तरी दुसऱ्या हाताने साखर सोडली, आणि दुसरा हात जास्त जोरात. सकाळी गोळी घेतली की दुपारी-संध्याकाळी शुगर चढते आणि उपाशीपोटी नॉर्मल दिसू शकते, म्हणून फक्त सकाळची बघून 'ठीक आहे' म्हणू नका, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हेच दोन्ही एकत्र आले होते, इन्फेक्शनचं इन्फ्लमेशन आणि वरून स्टेरॉइड, २०२१ मध्ये इथे ब्लॅक फंगसचे किती पेशंट बघितले, त्यात शुगर वाढलेले किती होते ते नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत तेव्हा ड्युटी केलेल्या कोणालाही विचारा.

पण सासूबाईंची गोळी एकदम बंद करू नका हं, कोणीही सांगितलं तरी. बरेच दिवस चालू असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल झोपलेलं असतं, एकदम थांबवली तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. कमी करायची ती डॉक्टर हळूहळू करतात.

---

तर्रीवाला_धरमपेठ

मी काही शिकलेला नाही यातलं पण दोन वर्षांपूर्वी माझंही असंच बॉर्डरला होतं म्हणून लिहितो. सगळे म्हणाले वजन कमी कर, मी म्हटलं ६५ किलोत काय कमी करू, हाडं?

---

फिजिओ_मास्तर

@तर्रीवाला_धरमपेठ याच्यावर आपल्या पुण्याचंच काम आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा, युडकिन यांचा, फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण लोक वरून बारीक आणि आतून चरबीवाले, आणि स्नायू कमी. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ लाच सावध व्हा म्हणतात, आणि कंबर पुरुषाला ९० च्या आत, बाईला ८० च्या आत. @मानेवाडा_रिंगरोड तुमचा बीएमआय साडेतेवीस, कंबर ९४. आरशात बारीक दिसण्याचा मॅक्रोफेजना काही फरक पडत नाही.

दुसरं, वजन फारसं हललं नाही तरी फायदा होतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास आहे, बॉर्डरवरच्या लोकांना रोजचं चालणं आणि जेवणातला बदल सांगितला, तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी, आणि त्यांचं सरासरी वजन म्हणावं तसं उतरलंही नव्हतं. कारण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लूट-४ ची दारं इन्सुलिनशिवायच वर येतात. आयआरएस-१ अडकलेला असला तरी हा दुसरा रस्ता मोकळा असतो! आणि त्या वेळी स्नायू जे इंटरल्युकिन-६ सोडतो ना, हो तेच, चरबीतून आलं की बदनाम, ते चालण्याच्या तासाभरात येऊन जातं आणि उलट इन्फ्लमेशन कमी करणारे निरोप मागे सोडून जातं.

---

तर्रीवाला_धरमपेठ

हे भारी आहे. मी हेच केलं पण मला कारण माहीत नव्हतं. रात्री जेवल्यावर फुटाळा तलावापर्यंत चालणं, आणि आठवड्यातून थोडे दिवस उठाबशा, पायाचे स्नायू सगळ्यात मोठे म्हणून ट्रेनरने तेच सांगितलं. मे महिन्यात ४५ डिग्रीत कोण चालतं म्हणून गच्चीवर रात्री दहाला. तर्री पोहे सोडले नाहीत, रोजचे रविवारचे केले, आणि सोबतचा समोसा सोडला. सावजी पण चालू आहे, भाकरीसोबत, दोन वाट्या रस्सा भातावर ओतणं बंद. झोप नीट घ्या, मी आधी रात्री एकला झोपायचो.

---

लॅबवाली_ताई

झोपेचं खरं आहे. चार तास झोप देऊन आठवडाभर ठेवलेल्या तरण्याताठ्या मुलांचीही शुगर सांभाळायची ताकद घटली होती, १९९९ चा अभ्यास आहे, लॅन्सेटमधलाच.

आणि दादा, दात. हिरड्यांतून रक्त येतं का ब्रश करताना? हसू नका. हिरड्यांचं जुनं इन्फेक्शन म्हणजे दिवसरात्र चालू असलेली जखम, सीआरपी त्याने वाढतो. डायबिटीस असलेल्यांत हिरड्यांची नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, हे बऱ्याच ट्रायल एकत्र करून काढलेलं आहे. वरच्या त्या सॅल्सलेटपेक्षा कमी नाही बघा, आणि तोंडाचा वास जातो तो वेगळा. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांच्या हिरड्या बघितल्या तर घाबरून जाल.

---

मानेवाडा_रिंगरोड

ताई, रक्त येतं. आणि खर्रा… बायको हा धागा वाचून राहिली आहे म्हणून इथे काही लिहीत नाही.

सासूबाईंची दुपारची शुगर आज जेवणानंतर दोन तासांनी बघितली, सकाळची ९८ होती आणि दुपारची २४६. डॉक्टरांना फोन केला, उद्या बोलावलंय. त्यांना विचारायचं आहे की स्टेरॉइड सोडून दुसरं काही, ते टीएनएफवालं इंजेक्शन, चालेल का. मास्तर, असं विचारलं तर वेड्यात काढतील का?

---

फिजिओ_मास्तर

नाही काढणार, विचारा. पण आमवातात स्टेरॉइड हे बहुतेक वेळा मधल्या काळाचं औषध असतं, खरं काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचं असतं आणि त्याला चढायला काही आठवडे लागतात. तेव्हा आधी हे विचारा की मेथोट्रेक्सेट चालू आहे का, पुरेसं आहे का आणि स्टेरॉइड किती दिवसांत उतरवायचा विचार आहे. टीएनएफचं इंजेक्शन महाग आहे आणि त्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते, झोपलेला टीबी त्याने उठतो. दुपारच्या २४६ चा कागद सोबत न्या, नुसती सकाळची ९८ दाखवली तर कोणीही ठीक आहे म्हणेल.

आणि तुमची स्वतःची पुढची टेस्ट दाताचं काम झाल्यावर करा, आधी नको. नाहीतर हिरड्यांचा सीआरपी पोटाच्या नावावर जाईल.